सुटलेला पंख

सुवर्णाचं लहानपण नागपुरात वडिलांच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात गेलं. काच कापणं, खळ लावणं तिला शाळेच्या वयातच जमायला लागलं होतं. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला नवरा संजयसोबत आल्यावर काही वर्षं तिला कामाची परवानगीच नव्हती. ती मिळाली आणि २००५ साली जवळच्या एका छोट्या कला-संग्रहालयात चित्रं उघडायची, टांगायची नोकरी लागली. ग्रीन कार्ड मात्र अजून अडकलेलंच होतं.

त्या वर्षीचं प्रदर्शन होतं ब्रिटनमधल्या अतिवास्तववादाचं. ते आखणारी अनिका न्यू जर्सीतच जन्मलेली मराठी मुलगी. तिने सुवर्णाला सांगितलं होतं, "मावशी, १९३६ला लंडनमध्ये पहिलं मोठं प्रदर्शन झालं. लोक हसले, पेपरवाल्यांनी धुतलं. बट द यंग आर्टिस्ट्स वेंट क्रेझी! तिथल्या किनाऱ्यावरचे दगड, वाळकी मुळं, सगळं स्वप्नासारखं रंगवायला लागले."

लंडनहून आलेल्या पेटीत एका बाईने १९३८ साली कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र होतं. शिंपल्याचं डोकं असलेली बाई, आणि खांद्यांना पक्ष्याचे पंख. सुवर्णाने ते बाहेर काढलं, मागची चिठ्ठी वाचायला किंचित तिरपं केलं, परत सरळ ठेवलं. पेटीच्या तळाशी नखाएवढा कागद पडलेला दिसला. पंखाचं टोक.

आपण तिरपं केलं म्हणून पडलं? की आधीच पडलेलं होतं? खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अनिका जेवायला गेली होती.

खळ करायला पाच मिनिटं पुरली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने कपाट उघडलंसुद्धा. पण खळ ओली लागली की जुना कागद कसा फुगतो, ते तिला पक्कं ठाऊक होतं. नोकरी गेली तर संजयला काय सांगायचं, याचा विचार करत तिने तो तुकडा तसाच एका कागदी पाकिटात घातला.

अनिका आली. सुवर्णाने पाकीट तिच्यापुढे ठेवलं, चित्र तिरपं केल्याचंही सांगितलं.

"ओ माय गॉड," अनिका म्हणाली. "मावशी, मला लंडनला कळवावं लागेल. तोवर तुम्ही कशालाही हात लावू नका."

चार दिवस सुवर्णा रिकाम्या पेट्या झाडत राहिली. फोन वाजला की दचकायची. घरी डाळीत दोनदा मीठ पडलं. संजय म्हणाला, "अगं, झालं तरी काय?" तेव्हा तिला रडू फुटलं.

पाचव्या दिवशी फिलाडेल्फियाहून कागदाची तज्ज्ञ बाई आली. भिंगातून बघून म्हणाली, गोंद केव्हाच वाळून भुगा झालाय; तुकडा वाटेत पडला असेल, नाहीतर उघडताना. नेमकं सांगता येणार नाही. चित्राच्या लंडनमधल्या मालकिणीने दुरुस्तीला होकार दिला, सुवर्णाला काम परत मिळालं.

"तुम्ही चिकटवलं असतंत तर चित्र गेलं असतं," अनिका म्हणाली. सुवर्णाने मान हलवली, पण 'नाहीतर उघडताना' हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

उद्घाटनाला गर्दी झाली. ती रेशमी साडीत त्या चित्राशेजारीच उभी राहिली, लोकांच्या कोपरांवर नजर ठेवून.

"थोडं मागे, प्लीज," ती इंग्रजीत म्हणत होती.