आधी फ्लॉपी, मग कुंकू

“त्यांच्यात पूजा नसते ना, म्हणून ही सगळी थेरं,” मंदाताई म्हणाल्या.

मंदाताई आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट. त्या माठापाशी उभ्या होत्या आणि मी कपाटाच्या पलीकडे. असं मला पुष्कळ ऐकू येई, कारण न बोलणारं माणूस खोलीत आहे हे लोक विसरून जातात. बोलणं ऑफिसचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सरांविषयी होतं. नवा लॅपटॉप येईल तेव्हा आधी फ्लॉपी, मग कुंकू, असं सरांनी त्या सकाळी अण्णांना पुन्हा एकदा बजावलं होतं. अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी.

हे सरांचं ठरलेलं वाक्य. म्हणताना ते शर्टाच्या खिशावर दोन बोटं ठेवत. इतरांच्या खिशात पेन असतं तशी त्यांच्या खिशात फ्लॉपी असे, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपुरातली आमची छोटी संस्था आसपासच्या गावांमधल्या विहिरींची पाणीपातळी मोजत असे आणि मी बी.एस्सी. होऊन तिथे आकडे भरायला लागले होते. शाळा कॉन्व्हेंटची, घर ख्रिस्ती. श्रीरामपुरात त्यात नवल काही नाही, पण ऑफिसात तशी मी एकटीच. इंग्रजी बोलले तर शिष्ट ठरेन, मराठी बोलले तर चुकेन. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

सर जवळच्याच बेलापूरचे. विहिरींचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि तो लिनक्सवर चाले. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं काहीतरी, एवढंच ऑफिसला माहीत. सरांनी ते एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून आमच्या कॉम्प्युटरवर घातलं होतं. खिशातल्या फ्लॉपीवर त्याचंच छोटं रूप होतं, ती लावली की नव्या यंत्रावर लिनक्स चालेल की नाही ते कळे. अण्णांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. “फुकट हाय म्हंजी कायतरी खोट असनारच,” ते म्हणत.

“विकतच्यातली खोट दाखवू का?” सर विचारत आणि कपाटाकडे बघत.

कपाटात आदल्या वर्षी घेतलेला प्रिंटर होता. खोक्यातून निघताच अण्णांनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पेढे वाटले. मग सरांनी तो जोडला, तर तो विंडोजशिवाय कोणाचं ऐकायला तयार नव्हता. परत न्या म्हटल्यावर नगरचा डीलर हात जोडून म्हणाला, साहेब, पूजा झालेलं यंत्र माघारी कसं घेऊ? आणि गंमत म्हणजे अण्णांनाही ते पटलं. तेव्हापासून प्रिंटर कपाटात होता, वाळलेलं कुंकू अंगावर घेऊन.

लॅपटॉप हवा होता तो थेट विहिरीच्या काठावर न्यायला. आत सोडलेल्या मीटरचे आकडे वायरीतून त्यात घ्यायचे. डीलर म्हणत होता, लिनक्स चाललं नाही तर काळजी नको, आमचा विंडोजवरचा प्रोग्रॅम सोबत देतो. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. सरांचा प्रोग्रॅम मग कपाटात जाणार होता आणि सर घरी, कारण त्यांची नेमणूक त्या प्रोग्रॅमपुरतीच होती. हे कोणी बोलत नसे. सर तर नाहीच.

ते फक्त तपासत. पुण्यातल्या मित्राकडून इंटरनेटवरचे कागद छापून आणत. कोणत्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनची चिप कुठली, मोडेम कुठला, कोणाकडे लिनक्स चाललं, कोणाकडे अडलं, हे सगळं त्यात असे. सवयच ती. चहा पिण्याआधी ते कपाची कड बघत. एसटीत चढण्याआधी पाटी वाचत आणि तरी कंडक्टरला विचारत. असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. त्याच्यासोबत बाजारात जायला नको वाटतं.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय येई. इतकं कोण तपासतं? दुसऱ्या एखाद्या दुकानदाराशी काही ठरलंय का? त्यात एका संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, उद्या नगरला जायचंय. येताना नेलपॉलिश आणाल का?”

मी मान हलवली आणि घरी जाईपर्यंत विचार करत राहिले. मम्मी म्हणाली, “त्याला कशाला हवंय? देऊ नकोस.” सकाळी जुनी गुलाबी बाटली पर्सच्या तळाशी टाकली आणि ठरवलं, पुन्हा मागितली तरच द्यायची.

जीपमध्ये ते वाटभर छापलेले कागद चाळत बसले, बाटलीचं नावही काढलं नाही. त्याने माझा संशय वाढला.

नगरच्या दुकानात चपला बाहेर काढून जावं लागे, आत एसी होता. डीलरने अण्णांना थंड दिलं आणि कंपनीचं नाव तीनदा घेतलं.

“नाव नको,” सर म्हणाले. “आत काय आहे?”

डीलर हसला. “सर, तुमचं आडनाव काय म्हणालात?”

“मी म्हणालो नाही. चिप कुठली ते तुम्हीही म्हणाला नाहीत.”

मग खिशातून पिशवी निघाली. बाहेरची फ्लॉपी आम्ही लावू देत नाही, व्हायरस येतो, असं डीलर सांगू लागला. सर शांतपणे म्हणाले, “मग बाहेरचं गिऱ्हाईकही घेत नसाल.” अण्णांना हे आवडलं. ते एकदम हसले आणि डीलरचा नाइलाज झाला.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. सर त्या ओठ हलवत वाचत होते, आमच्या चर्चमधली म्हातारी माणसं वाचतात तसे. लिनक्सने स्क्रीन ओळखला. मीटरची वायर जोडली, तीही ओळखली. फोनला जोडायचा आतला मोडेम नाही ओळखला, पण विहिरीवर फोन कुठला, असं ते स्वतःशीच पुटपुटले. शेवटी म्हणाले, “जमलं.”

आणि माझ्याकडे वळले. “आणली का?”

सगळ्यांसमोर मला पर्सच्या तळातून ती बाटली काढावी लागली. सरांनी लॅपटॉप उलटा केला आणि बॅटरीच्या खाचेजवळ एक गुलाबी ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला.

“दृष्ट लागू नये म्हणून?” डीलरने विचारलं.

“ओळख राहावी म्हणून,” सर म्हणाले. “मला हाच पाहिजे. याच्यासारखा नको. नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात.”

डीलर म्हणाला, दसऱ्याच्या मुहूर्तावर पोचवतो. सर म्हणाले, दसऱ्याला मी आईला घेऊन नागपूरला असतो, नंतर आणा. डीलर बरं म्हणाला. जरा लवकरच म्हणाला, असं मला वाटलं.

परतीच्या वाटेवर राहुरीच्या आसपास अण्णांना डुलकी लागली, तेव्हा सरांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. मी का, असं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

“तुम्ही बोलत न्हाई, पण बघता,” ते म्हणाले. घरचं बोलणं त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग सावरून म्हणाले, “मी नसताना मशीन आलं तर आधी उलटं करून ठिपका बघा. मग फ्लॉपी लावा. त्यानंतर त्यांना पूजा करू द्या. माझी कधीच ना नव्हती. मला फक्त कपाटात दुसरं कुंकू नको आहे.”

पुढे बऱ्याच वर्षांनी सर गेल्याचं मला कोणाकडून तरी कळलं. त्यांना आठवायला बसले की मला नेमका तो दिवस आठवतो, ज्या दिवशी ते तिथे नव्हते.

खंडेनवमी होती. लांब टेबलावर टाइपरायटर, मोजणीच्या टेपा, मीटर मांडले होते. बाहेर जीपला झेंडूची माळ घातली होती. सर आदल्या दिवशीच नागपूरला निघाले होते. नारळ फोडायची वेळ झाली आणि डीलर स्वतः खोकं घेऊन दारात आला. मुहूर्त साधला, म्हणाला. अण्णांचा चेहरा उजळला. लाल कापडावर लॅपटॉप ठेवला गेला, मंदाताई ताट घेऊन पुढे झाल्या.

मी कापड सारखं करायच्या निमित्ताने जवळ गेले आणि लॅपटॉपची कड उचलली. ठिपका नव्हता. बोट फिरवून पाहिलं. वाळलेल्या नेलपॉलिशचा उंचवटा बोटाला जाणवतो. खाचेजवळ सगळं गुळगुळीत होतं.

“तेच मॉडेल आहे, मॅडम,” डीलर म्हणाला.

मी काहीच विचारलं नव्हतं.

मंदाताई माझ्याकडे बघत होत्या. त्या माठापाशी काय म्हणतील ते मला तिथे उभ्या उभ्या ऐकू येत होतं. हिच्यातही नसते ना. माझ्या पर्समध्ये दुधाची पिशवी होती. वाटलं, सर आल्यावर सांगू. पण सर येतील तेव्हा कुंकू वाळलेलं असेल.

अण्णांनी करंगळीशेजारचं बोट करंड्यात बुडवलं.

“थांबा अण्णा,” मी म्हणाले. “हे ते मशीन नाही. आधी फ्लॉपी, मग कुंकू.”