गाड्या नसलेल्या गावांची नावं

समोरचा माणूस कितीही मळलेला असो, तो त्याच्यापुढे उकिडवा बसायचा आणि पहिल्यांदा जेवणाचं विचारायचा. "जेवलास का?" उत्तर नाही आलं तर कन्नडमध्ये, "ऊटा आय्ता?" मग दखनीत, मग तेलुगूत. कुठल्या भाषेला डोळे हलतात ते बघायचा. उमरग्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर हा पांढऱ्या शर्टातला माणूस तुमच्याही नजरेला पडला असेल.

आम्ही त्याला पास्टर म्हणायचो. पूर्वी तो हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचा. "ट्रकला डिझेल लागायचं न्हाय तेवढी मला दारू लागायची," असं स्वतःच सांगायचा. पुढे येशू भेटला, दारू सुटली, आणि हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बेघरांना आणि दारू सोडू पाहणाऱ्यांना सांभाळू लागला. एका बेवड्याने माझ्यासमोरच त्याला विचारलं, "मला ख्रिश्चन व्हावं लागंल का?"

"आधी आंघोळ कर," पास्टर म्हणाला. "बाकीचं मागनं बघू."

मी तेव्हा स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, ते माईकवरून सांगायचो. त्याच्या एखाद्या माणसाला घर आठवलं की तो त्याला माझ्याकडे आणायचा आणि मी कंडक्टरला सांगून नीट बसवून द्यायचो.

एका बाईला मात्र घर आठवेना. ती हायवेवर एकटीच चालताना सापडली होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. शेडमध्ये भांडी घासायची, पण दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही. चारही भाषा संपल्या, डोळे जागचे हलले नाहीत.

"मुकी असेल," मी म्हणालो.

"न्हाय साहेब. झोपंत बोलती. जवळ गेलं की थांबती."

मी वेळापत्रकात मान घातली. तेवढ्यात तो म्हणाला, "तुमी गावांची नावं घ्या की माईकवरून. एखादं तिचं असंल."

असा आमचा तो उद्योग सुरू झाला. उन्हाळ्यातली दुपार, स्टँड ओस पडलेलं, आक्का बाकावर पाठमोरी आणि पास्टर तिच्या तोंडाकडे बघत बसलेला. नळदुर्ग, आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद, जहीराबाद. वेळापत्रक संपलं तेव्हा मी ट्रकच्या पाठीवर वाचलेली, ड्रायव्हरांकडून ऐकलेली लांबलांबची गावं घेऊ लागलो. माझाच आवाज रिकाम्या फलाटांवरून परत यायचा. जिथे आमची एकही गाडी जात नाही त्या गावांना मी हाका मारत होतो, आणि कधीकधी वाटायचं, एखादी गाडी खरंच येऊन उभी राहील. एकदा तर एक म्हातारा पिशवी उचलून उभा राहिला. त्याला परत बसवताना मला हसू आलं नाही.

आणि एका दुपारी आक्का उठली. कर्ण्याकडे वळली. तिचे ओठ हलत होते.

पास्टर धावत माझ्या खिडकीशी आला. "कुठलं नाव घेतलं साहेब?"

मला सांगता येईना. जेवण अंगावर आलं होतं, डोळे मिटत होते, नावं आपोआप तोंडातून पडत होती. आठ दिवस आम्ही सगळी नावं पुन्हा घेतली. तिने मान वर केली नाही.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट मलाच धीर द्यायचा, "तुमच्याच तोंडात हाय ते. निघंल." त्या डुलकीची लाज मला अजून वाटते.

गेल्या हिवाळ्यात, सकाळची प्रार्थना सांगताना पास्टर मध्येच खाली बसला तो उठलाच नाही. दुपारी दफन होतं. शेडमधली सगळी माणसं आली होती, दारू सोडून संसाराला लागलेलेही आले होते. पेटी उघडी होती. लोक एकेक करून दर्शन घेत होते.

आक्का पुढे झाली, पेटीच्या कडेला दोन्ही हात ठेवले आणि बोलू लागली.

आवाज तरुण मुलीचा वाटावा असा स्वच्छ. ती बोलायची, थांबायची, पास्टरच्या तोंडाकडे बघून मान हलवायची आणि पुन्हा बोलायची, जणू तो विचारतो आहे आणि ती सांगते आहे. आम्हाला एक शब्द कळेना. कन्नडवाले म्हणाले, आमची न्हाय. तेलुगूवाल्यांनी माना हलवल्या. सगळ्यांच्या खिशात मोबाईल होते, पण ते बोलणं रेकॉर्ड करावं हे एकालाही सुचलं नाही. मग ती गप्प झाली. अजून गप्पच आहे.

त्या बोलण्यात तिच्या गावाचं नाव नक्की असणार. ते दुसऱ्यांदा माझ्या कानांवरून गेलं.