आजींचा वाघ

पिंपळवंडीत डेअरीच्या वाटेवर, उसाला लागून, एका आजींचं भुईमुगाचं वावर आहे. वय ऐंशीच्या पुढं. मी दूध घालायला निघालो की त्या बांधावर असतातच. तोंडात मिश्री आणि नजर माझ्या हातांकडं.

येता-जाता शेंगा उपटणाऱ्याला त्या कधी शिव्या देत नाहीत. उलट आवाज खाली आणून, पोटच्या लेकराची काळजी करावी तसं म्हणतात, "जपून जा रं भाऊ. उसात वाघ बसलाय. सकाळीच माग बघितला म्या."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो खरोखरच असतो. त्यामुळं माणूस मुकाट्यानं लांबची वाट धरतो. मीही कितीदा धरली.

परवा जरा लवकर निघालो. आजी पाटाकडच्या ओल्या चिखलात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी आधी मूठ दाबली, मग तिच्यापुढं चार बोटं टेकवली आणि मान तिरकी करून तो पंजा न्याहाळला.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. थोडं सरकून जागा करून दिली.

"बरं झालं आलास. माझ्या हातानं निस्ती मादीच उमटती. तुझा पंजा मोठा हाय, नर कर."

मी किटली खाली ठेवली.