खांबाजवळच्या सासूबाई

धक्क्यावर त्यांना सगळे खरवडकाका म्हणत. चाळीस वर्षं बोटींचे तळ खरवडण्यात गेली होती. बोट ओढून वर घेतली की तिच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले काका लोखंडी पात्यानं काढत, मग तळहात फिरवून बघत. हाताला काही लागलं की पुन्हा पातं. घरातल्या कढईलाही काही चिकटलेलं त्यांना बघवत नसे. "यांना चंद्रावर पाठवा," काकू म्हणायच्या, "डाग काढूनच परत येतील."

म्हातारपणी काम कमी झालं, तेव्हा समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी त्यांना नवं काम दिलं. धक्क्याखाली, पाण्यात, एका खांबाला त्यांनी कॅमेरा बसवला होता. समोरच्या खांबाभोवती कोण येतं-जातं ते त्यात दिवसभर दिसे. पण आठवड्याभरात काचेवर शेवाळ धरायचं. दर सोमवारी ओहोटीला छातीभर पाण्यात उतरून काच मऊ फडक्यानं पुसायची, एवढंच काकांचं काम.

बाईंनी तेच चित्र काकूंच्या फोनवरही लावून दिलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून काकू पलंगावरच होत्या. दोन दिवस त्यांनी "काय ते हिरवं पाणी" म्हणून नाक मुरडलं. तिसऱ्या दिवसापासून फोन हातातून सुटेना. त्यांचा जीव जडला तो एका जाड ओठांच्या, ठिपकेदार माशावर. तो खांबाच्या आडोशाला तोंड वाकडं करून बसे आणि कुणी जवळ आलं की अंगावर धावून जाई.

"अहो, हुबेहूब सासूबाई!"

"माझ्या आईला नावं ठेवू नकोस."

"नावं कुठं, एकच ठेवलंय."

मग रोज चहाबरोबर बातमी. आज सासूबाईंनी खेकडा खाल्ला, आज रुसून पाठ फिरवून बसल्या. किती महिन्यांनी काकू अशा भडाभडा बोलत होत्या. आणि सोमवारी काच पुसून झाली की काका कॅमेऱ्यासमोर हात हलवत. त्यांचा पंजा फोनमध्ये दिसला की घरी काकूही हात हलवत.

एका सोमवारी काच पुसून काका वळले, तर समोरचा खांब शेवाळानं आणि शिंपल्यांनी बरबटलेला. बायको दिवसभर हे असलं बघते? त्यांना लाज वाटली. दोन तास खपून त्यांनी खांब पाण्याखाली हात पोचेल तिथवर गुळगुळीत केला.

घरी येऊन त्यांनी चहा केला, पण चहाबरोबर बातमी नव्हती.

"सासूबाई गेल्या," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही घालवल्यात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, त्या शेवाळात खेकडी होती, कोळंबी होती. त्या माशाचं जेवणाचं ताटच घासून ठेवलंत की तुम्ही!"

"परत येईल ना?"

"सांगता येत नाही. सगळं पुन्हा वाढायला वेळ लागेल."

काकू फोन उशीखाली ठेवून पडून राहू लागल्या. काकांना जेवण गोड लागेना. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक जुना दोर कित्येक वर्षं पाण्यात लोंबत होता, शिंपल्यांनी मांडीएवढा जाड झालेला. तो कधी एकदा खरवडतो असं काकांना झालं होतं. तोच त्यांनी सोडवला, एकही शिंपला न पाडता ओढत आणला आणि उघड्या खांबाला गुंडाळून बांधला. पातं बोटीच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून टाकलं.

तीन सोमवार ते नुसती काच पुसून, हात हलवून वर आले. तिकडे कुणी बघत असेल की नाही, कोण जाणे.

चौथ्या सोमवारी फडकं काचेवर असतानाच वरून मासे तोलणारा ओरडला, "काका, हलू नका! काकूंचा फोन आहे!"

काकांनी ओरडून विचारलं, "काय झालं तिला?"

"त्यांना काही नाही. तुमची आई आलीय म्हणतात, तुमच्या पाठीमागे!" तोलणारा घुटमळला. "पण काका, तुमची आई तर..."

"गप रे!"

काका तसेच उभे राहिले. पायाजवळून काहीतरी जड, गार, सावकाश सरकून गेलं. भरती लागली होती, पाणी हळूहळू खांद्याला आलं. "काकू विचारतायत, थंडी वाजतेय का?" वरून निरोप आला.

"नाही म्हणावं," काका कुजबुजले, आणि पाठीमागे धक्का लागू नये अशा बेतानं, अगदी हळू, त्यांनी काचेसमोर हात हलवला.