धनुर्वाताच्या खोलीबाहेर

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते गवंडी होते. येडगावात धरणाच्या बाजूला जी पक्की घरं नव्यानं उठत होती, त्यांतल्या बऱ्याच भिंती त्यांच्या हातच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी अकरावीत होते. एका स्लॅबच्या सेंट्रिंगची फळी काढताना तिच्यातला गंजका खिळा त्यांच्या टाचेत घुसला. त्यांनी तो उपटला, हळद-चुना लावला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सुई टोचून घ्या, असं आईनं दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "खिळ्याला भिऊन गवंडीकाम व्हतंय व्हय?"

नवव्या दिवशी सकाळी त्यांना भाकरीचा तुकडा तोंडात घालता येईना. जबडाच उघडेना. दुपारपर्यंत मान लाकडासारखी ताठ झाली. मोठ्या चुलत्यांनी गावातली जीप मिळवली आणि आम्ही त्यांना तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाच पाहिली, मान पाहिली आणि एकच शब्द उच्चारला, "धनुर्वात." चुलत्यांनी विचारलं, पुण्याला हलवायचं का? डॉक्टर म्हणाले, "रस्त्याचे हादरे यांना सोसायचे नाहीत. इथंच ठेवू."

मागच्या बाजूला, व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. तिच्या खिडकीला काळं कांबळं लावलं, दारावर जाड चादर टांगली. तिथं दादांना ठेवलं.

वॉर्डाची मुख्य सिस्टर शिनोलीकडची होती. अंगानं बारीक, पन्नाशीची. तिचा आवाज इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागे. फाटकाशी बोर्ड होता: भेटीची वेळ चार ते सहा, पेशंटजवळ एकच नातेवाईक, लहान मुलांना आत आणू नये. सिस्टरनं आम्हा मायलेकींना व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाली, "ते बोर्डावरचे नियम बाकीच्यांना. तुमच्या माणसाला त्याच्यापरीस कडक हायेत. आवाज झाला, उजेड पडला, कुणी एकदम हात लावला, तर झटका येतो. त्यात श्वास अडकतो. इंजेक्शनं आमी देऊ. शांतता तुमी द्यायची. तेबी औषधच समजा."

मग म्हणाली, "आन त्यांना सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. त्यांच्याम्होरं रडायचं न्हाई."

आई मान हलवत होती. तेवढ्यात सिस्टरची नजर तिच्या हातांवर गेली. दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या. आईनं हात पदराआड घेतले. नवरा असा पडलेला असताना हातातल्या बांगड्या उतरवायच्या, हे तिच्यानं व्हायचं नव्हतं. सिस्टरला ते न सांगता कळलं.

"काढू नका," ती म्हणाली. "बांधा."

तिनं बँडेजचा रोल आणला. आईच्या मनगटापासून वरपर्यंत, एकेक बांगडी दुसरीला लागणार नाही अशी, पट्टी गुंडाळली. पुढचे कितीतरी दिवस नवीन आलेले लोक आईलाच पेशंट समजायचे.

खोलीत राहायची परवानगी आईला. मला दिवसातून एकदा, अनवाणी, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी मी आईसाठी डबा घेऊन आत गेले आणि माझ्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. पुढचं मी आजही नीट सांगू शकत नाही. दादांची पाठ पलंगापासून वर उचलली गेली. फक्त डोकं आणि टाचा गादीला टेकलेल्या. चेहऱ्यावर दात दिसत होते, जणू हसताहेत, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिस्टर धावत आली नाही. ती चवड्यांवर, भरभर, आवाज न करता आली आणि सलाईनमधून इंजेक्शन दिलं. हळूहळू पाठ खाली आली.

बाहेर आल्यावर वाटलं, आता ही मला फाडून खाणार. ती एवढंच म्हणाली, "कळलं ना आता?" मला कळलं होतं. त्या दिवसापासून आईचा डबा मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उघडू लागले. वॉर्डातल्या मावशींनी स्टीलचे ट्रे उचलून प्लॅस्टिकचे आणले. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाबांनी आपला रेडिओ स्वतः बंद केला. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला जाणं म्हणजे नुसती रीत नाही. न जाणं हा अपमान. रविवारी चारच्या सुमाराला फाटकाशी टेम्पो उभा राहिला. त्यातून आमची भावकी उतरली, माळी आळीतले लोक उतरले, ज्यांची घरं दादांनी बांधली ती माणसं उतरली, त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बायाही. तीस-पस्तीस जण असतील. फाटकावरचा माणूस गोंधळला. मोठे चुलते पुढं झाले आणि म्हणाले, "सिस्टर, सगळं गाव घिऊन आलोय, तोंड बघितल्याबिगर जाणार न्हाई."

चुलत्यांचा आवाज बांधापलीकडं जाणारा. सिस्टर त्यांच्या अगदी जवळ गेली. "पावणं, पाच जण आत सोडीन मी. पाचांपैकी एक खोकला, तर तुमचा भाऊ जाईल. तुमीच ठरवा."

चुलत्यांनी मागं वळून लोकांकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग पायातल्या वहाणा काढल्या. ते पाहून सगळ्यांनीच काढल्या. इमारतीला वळसा घालून ती सगळी माणसं मागच्या आवारात, कांबळं लावलेल्या खिडकीपासून वीसेक पावलांवर जाऊन उभी राहिली.

कुणी बोललं नाही. कडेवरची पोरंसुद्धा गप्प. कुणी ओठांतल्या ओठांत त्रिसरण म्हणत होतं, कुणी माळ ओढत होतं. एका म्हातारीला खोकल्याची उबळ आली, तर ती पदर तोंडात कोंबून पार फाटकापर्यंत पळत गेली. मी व्हरांड्यातून पाहत होते. ही तीच माणसं, जी बाजारात शंभर हातांवरून हाक मारतात, तेराव्यालाही ज्यांचा गलबला थांबत नाही. अर्धा तास ती उन्हात नुसती उभी होती, एका काळ्या कांबळ्याकडे बघत. इतकं मोठं काही मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

जाताना ड्रायव्हरनं टेम्पो चालू केला नाही. सगळ्यांनी मिळून तो हातानं ढकलत रस्त्यापर्यंत नेला आणि थेट पुलाच्या पलीकडं जाऊन सुरू केला. सिस्टर माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "तीस वर्षं नोकरी झाली माझी. असं न्हाई बघितलं."

दवाखान्यातल्या अठराव्या दिवशी दादांचा जबडा दोन बोटं उघडला. नाकातली नळी काढली, चमच्यानं पेज सुरू झाली. बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "त्या दिवशी टेम्पो भरून माणसं आलती ना?"

"आलती."

"टेम्पो आल्याला ऐकला. पावलं ऐकली. मग कुणीच बोलंना. येवढी माणसं आन चिडीचूप. म्हणलं, आपण गेलो. मातीला आल्यात लोक."

आई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दादांनाही हसू आलं, पण पाठ दुखली म्हणून आवरलं.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर स्टूल घेऊन पलंगाशी बसली आणि एकेक गोष्ट दोनदा सांगितली. अंग महिनाभर ताठ राहील, घाबरायचं नाही. जेवण मऊ. ओझं उचलायचं नाही. शेवटी म्हणाली, "देवी, गोवर एकदा निघाला की पुन्हा होत न्हाई, म्हणून लोक याचंबी तसंच समजतात. याचं तसं न्हाई. धनुर्वात परत होतो. सुया पुऱ्या करायच्या."

गावी आल्यावर पुढच्या सुईच्या तारखेला दादा काठी टेकत आरोग्य उपकेंद्रात गेले. मी सोबत होते. आत जाऊन पाहतो तर बाकावर जागा नाही. मोठे चुलते, दादांच्या हाताखालच्या बाया, माळी आळीतले दोघंतिघं, सगळे बाही वर करून बसलेले. नर्सबाई म्हणाल्या, गेल्या महिन्यापासून हे असंच चाललंय, लस दोनदा मागवावी लागली. चुलत्यांनी सरकून दादांना जागा करून दिली.

पावसाळा संपल्यावर दादांनी पुन्हा थापी हातात घेतली.