दिवाळीचा नवा शर्ट घातलेला ड्रायव्हर

मंडळींनो, बोलतेय मी, लिहितेय माझी नात मीनल. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

आज इथे अमेरिकेत प्रेसिडेंटचं इलेक्शन आणि घरात दिवाळी. सकाळी मीनल धाकट्या भावाला, रवीला म्हणाली, "चल, व्होट करून येऊ."

"ताई, कोणीही येऊ दे, काही चेंज होत नाही."

मागच्या इलेक्शनला हाच पोरगा थंडीत दारोदार फिरला होता. त्याचा माणूस पडला, तेव्हापासून याचं कारलं झालंय.

"मग भाऊबीजेची ओवाळणी आजच दे. मला सोडायला चल."

"फक्त ड्राइव्ह करीन. आत येणार नाही."

मी म्हटलं, "अरे, गावी मी चित्र बघून शिक्का मारायचे. माझा माणूस कधीच निवडून आला नाही. तरी दर वेळी ठेवणीतलं लुगडं नेसून जायचे."

तो वर गेला, आणि खाली आला तो दिवाळीचा नवा शर्ट घालून.

मीनल सांगते, मत द्यायला तिच्यापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागला.

तुमच्या घरचं कारलं आज बाहेर पडलं का? प्रेसिडेंट कोण, ते रात्री कळेल. माझा माणूस मात्र दुपारीच निवडून आला.