खाऱ्या पाण्यातला पाहुणा

निपाणीत जळक्या मोटारी भरून द्यायचं काम जिनपाल मगदूमनं उभा जन्म केलं. शेतकरी विहिरीवरची मोटार सायकलला बांधून आणायचा, आतलं सगळं जळून कोळसा झालेलं असायचं, आणि जिनपाल तांब्याची तार नव्यानं गुंडाळून तिला परत पाणी उपसायला लावायचा. त्यामुळं त्याच्या डोक्यात एक खूळ पक्कं बसलं होतं, की बिघडलेलं असं जगात काही नसतंच, नीट भरणारा भेटला नाही एवढंच.

दुकानाच्या दारात एक गावठी कुत्रं पडून असायचं. मोत्या त्याचं नाव. जिनपालनं त्याला चपाती-दुधावर वाढवलं होतं, आणि अष्टमी-चतुर्दशीला त्यालाही बिनकांद्याची आमटी असायची. गल्लीतले म्हणायचे, "अण्णा, तुमचं मोत्या येत्या चातुर्मासात दीक्षा घेतंय बघा." जिनपालला हसू यायचं, पण छातीही फुगायची. "सवय लावंल तशी लागतीया," तो म्हणायचा. मोत्या रोज दुपारी कसाई गल्लीकडं का जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भल्या माणसाचं मन कोण मोडणार? मोत्या म्हातारं होऊन मेलं, जिनपालचं ते सवयीचं वाक्य मात्र मेलं नाही.

घर त्याच्या बायकोचं, पद्मावतीचं होतं, जिनपाल तिथं जेवायला आणि झोपायला. तिच्या घरात न गाळलेलं पाणी कधी शिरलं नाही. दुहेरी फडक्यातनं गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, ही आईकडनं आलेली रीत. घरात नळ आला तरी फडकं सुटलं नाही. गावात मुनिमहाराज आले की तिच्याकडं चौका लागायचा, म्हणजे त्यांच्या आहारासाठी वेगळा, शुद्धीचा स्वयंपाक. महाराज उभ्यानं, ओंजळीत, दिवसातनं एकदाच घेणार. घासात केस निघाला, मुंगी निघाली, की अंतराय झाला. मग ओंजळ सुटली, तोंड मिटलं, त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. तिच्या चौक्यात एकदा असा अंतराय झाला, तर ही बाईही दिवसभर तशीच राहिली.

गेल्या वर्षी मेथी निवडता निवडता ती कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवापाणी झालं, मालिश झाली, पण पालथ्या घड्यावर पाणी. जेवायची ती फक्त जिनपालच्या हातनं. सून राजश्री जीव लावणारी पोरगी, पण तिनं घास पुढं केला की म्हातारीचे ओठ घट्ट. "मामा, तुम्हीच या," राजश्री हसून ताट त्याच्याकडं द्यायची. जिनपालनं दुकानाला कुलूप लावलं. सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा तो तिच्यापुढं बसायचा, मऊ भाताचा घास करायचा, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत हळूहळू गिळायची. तिच्याशी बोलणं म्हणायचं ते एवढंच उरलं होतं.

बेळगावात खडेबाजारापासनं जवळच एका डॉक्टरकडं तो तिला न्यायचा. तिथल्या बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची पेटी होती, आत समुद्रातले दगड, आणि एकच मोठा मासा. तांबडे-पांढरे पट्टे, आणि अंगाभोवती पिसांसारखे लांब लांब पर. ते पसरून तो असा चालायचा की त्याला कुठं जायचंच नाही. पद्मावती बघत राहिली. मग तिचा वाकडा ओठ हलला.

"महाराजांगत... चालतंय."

इतक्या महिन्यांनी आलेले शब्द. जिनपालला भरल्या खोलीत रडू आवरेना. आणि खरंच होतं तिचं. महाराज विहाराला निघतात तेव्हा मोरपिसांच्या पिंछीनं पुढची वाट झाडत, मुंगी मरू नये म्हणून जपून पाऊल टाकतात, तसाच चालला होता तो मासा.

डॉक्टर म्हणाले, "मन लागेल असं काही दिसलं की बोल फुटतो कधीकधी. पण खात्री नाही देता येत." जिनपालनं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्याच्या कानातच शिरलं नाही.

पुढच्या खेपेला कळलं, की दवाखाना दुसऱ्या इमारतीत जाणार आणि तिथं पेटीला जागा नाही. पेटीची देखभाल नागोजीकडं होती. हा खानापूरकडचा गडी बेळगावातल्या घराघरांतल्या पेट्या धुवायला फिरायचा. जिनपालनं त्याला दारातच गाठलं.

"माशासकट द्या मला," तो म्हणाला.

नागोजीनं त्याच्या कपाळावरच्या गंधाकडं बघितलं. "द्यायला काय, अण्णा, कुणीतरी न्यावीच म्हणून डॉक्टर मागं लागल्यात. पण ह्यो गडी मांस खातोय. ते बी मेलेलं बघत न्हाय. हलतं पायजे त्याला, जित्ती बारकी मासळी."

"सवय लावंल तशी लागतीया."

"जित्याची खोड हाय ती, अण्णा."

"आमचं कुत्रं चपाती खायचं," जिनपाल म्हणाला, आणि तिथं विषयच संपला.

आता ती पेटी निपाणीला कशी आली हे राजश्रीला विचारा, ती अजून कपाळाला हात लावते. टेंपोत गाद्या अंथरून काच आणली. समुद्रातले दगड सुकले की त्यांच्यातलं जितं सगळं मरतं, म्हणून ते ओल्या पोत्यांत गुंडाळले आणि जुनं पाणी डब्यांतनं भरून घेतलं. मासा नागोजीनं आपल्याकडं टबात ठेवून घेतला. "आधी पाणी मुरू द्या," तो म्हणाला. "लोणच्यागत हाय ह्ये. घाई केली की बुरशी."

पद्मावतीच्या खाटेसमोर जिनपालनं लोखंडी घडवंची जोडून घेतली. गळणारे कोपरे खरवडले, नवा डिंक भरला, पाणी सोडून बघितलं, गळलं, परत खरवडले. पाणी फिरवायची मोटार जळकीच निघाली, तर गडी खूश झाला. किती दिवसांनी हातात तार आली होती. लाइट गेली तरी पाणी फिरत राहावं म्हणून इन्व्हर्टर जोडला. नव्या पाण्यात समुद्राचं खास मीठ कालवायचं, तरंगती काचनळी सोडून खारटपणा बघायचा, जास्त झालं तर परत पाणी. आणि हे सगळं पाणी त्यानं पद्मावतीच्या दुहेरी फडक्यातनं गाळून घेतलं. नागोजी म्हणाला याची काही गरज नाही. जिनपाल म्हणाला, "तिच्या घरात हाय न्हवं."

खाटेवरनं ती बघायची. फडकं पिळताना तिचा डावा हात चादरीवर हलायचा, जणू तीच पिळतेय. जिनपालला वाटलं, आता काय, मोटार भरून झाली, बटन दाबायचं बाकी आहे.

पाणी मुरलं. नागोजी मासा घेऊन आला. माशानं एक फेरी मारली, पर उघडले, आणि पद्मावतीच्या गळ्यातनं आवाज आला. शब्द नव्हता, पण आवाज होता. त्या दिवशी राजश्रीनं शिरा केला.

आणि मग सुरू झाला आहार.

जिनपालनं भिजवलेला भात टाकला. वाटाणे सोलून टाकले. कणकेच्या गोळ्या, पनीरचे तुकडे, वाफवलेला पालक. नागोजीनं हलतं पाहिजे म्हणून सांगितलं होतं, तर यानं पनीर दोऱ्याला बांधून नाचवलं. मासा त्याच्याकडं बघायचासुद्धा नाही. सगळं तळाशी जाऊन कुजायचं आणि जिनपाल कोपरापर्यंत हात घालून काढत बसायचा. "अंतराय झाला वाटतं आज," तो बायकोला हसून सांगायचा. पहिले काही दिवस तिच्या डोळ्यांतही हसू आलं.

मासा वाळला. डोक्यामागं खळगा पडला. पर मिटून तो दगडाच्या कोपऱ्यात टेकला आणि फिरायचाच बंद झाला. फोनवर नागोजी चिडला. "अण्णा, त्याला मारताय तुम्ही. पाप लागतंय बघा." जिनपालनं फोन ठेवला. चाळीस वर्षं मुंगीला जपणाऱ्या माणसाला पाप शिकवतो हा! पण रात्रंदिवस तो शब्द त्याला टोचत राहिला, कारण तो खोटा नव्हता.

एका सकाळी घास भरवताना पद्मावतीनं मान वळवली. कोपऱ्यातल्या माशाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. ओठ जुळवायला तिला फार कष्ट पडले.

"उपाशी," ती म्हणाली.

एवढंच. पण स्पष्ट. जिनपालच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं मागितलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं काहीतरी मागितलं होतं.

तो त्याच दिवशी एसटीनं बेळगावला गेला. निपाणीत त्याला सगळे ओळखत होते. नागोजीकडनं त्यानं पाण्याच्या पिशवीत जिती बारकी मासळी घेतली, पिशवी धोतराच्या सोग्यात झाकली, आणि सगळ्या वाटेनं णमोकार मंत्र म्हणत आला. कुणाला माफी मागत होता, त्यालाच माहीत नव्हतं. घरी दुपारची सामसूम होती. पद्मावतीचे डोळे मिटलेले होते. त्यानं पिशवी उघडली.

बारकी मासळी घाबरून काचेला चिकटली. कोपऱ्यातला मासा उठला. पर एकेक करून उघडले, पिसारा झाला, आणि तो निघाला, तसाच सावकाश, पुढची वाट झाडत गेल्यासारखा. मासळीला त्यानं परांनीच कोपऱ्यात कोंडलं. मग तोंड उघडलं, आणि ती तिथं नव्हती.

"खाल्लं," जिनपाल म्हणाला. "अगं, खाल्लं बघ."

तो वळला. पद्मावतीचे डोळे उघडे होते. ती माशाकडं बघत नव्हती. ती त्याच्या ओल्या हाताकडं बघत होती.

त्यानं डोक्यावरनं आंघोळ केली. धुतलेले कपडे घातले. दिवस मावळायच्या आत ताट घेऊन नेहमीसारखा बसला, घास केला, पुढं नेला. तिनं तोंड मिटलं.

"अगं, तूच म्हणालीस न्हवं, उपाशी म्हणून," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं गं." त्याला रडू फुटलं. तिच्या डोळ्यांतनंही पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. राजश्री दारात उभी होती. शेवटी तिनं ताट घेतलं, भीत भीत घास पुढं केला. आणि ज्या सुनेच्या हातचं तिनं कधी घेतलं नव्हतं, तिच्या हातचं पद्मावतीनं घेतलं. एक घास, दुसरा घास, सगळं ताट.

दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. रुसवा असता तर माणूस काढतो. हा रुसवा नव्हता. तिनं खाटेची दिशा बदलून मागितली नाही, मागायला वाचा कुठं होती. ती फक्त भिंतीकडं तोंड करून पडू लागली, आणि नंतर कधीच बोलली नाही.

जिनपाल नागोजीला म्हणाला, "परत घेऊन जा बाबा." नागोजीकडं जागा नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात सोडावा, म्हणून कणकुंबीवरनं गोव्याला उतरून समुद्रात सोडायचाही बेत झाला. नागोजीनं सांगितलं, पेटीत वाढलेला हा जीव तिथं तरायचा नाही. म्हणजे सोडला तर हा मरणार, उपाशी ठेवला तर हा मरणार, आणि जगवायचा तर रोज दुसरे मरणार. दवाखान्यात नुसते पट्टे बघून हा जीव घरी आणला होता. जळकी मोटार भंगारात टाकता येते, हे भरून द्यायचं कुणाकडं?

म्हणून जिनपाल आजही एसटीनं बेळगावला जातो आणि पिशवी घेऊन येतो. मासा चांगला पोसलाय. पेटीपुढं जिनपालची सावली पडली की पर पसरून काचेशी येतो. पलीकडं खाटेवर भिंतीकडं तोंड केलेली पाठ दिसते. जिनपाल बाही वर सारतो, हात पाण्यात घालतो. त्या घरात त्याच्या हातनं खाणारं आता तेवढं एकच आहे.